बॅटरीवरचा आळ

सेमिनरीत आम्हांला कार्यकारणभाव शिकविला गेला. परंतु मोटारीच्या बॉनेटखाली तो कसा शोधावा, हे मात्र कोणी शिकविले नाही. गेल्या पावसाळ्यात एका रात्री रुग्णाभ्यंगासाठी बोलावणे आले आणि धर्मग्रामाची जुनी गाडी सुरूच होईना. किल्ली फिरविली की नुसते ‘टक्’ होई. एका तरुणाच्या स्कूटरवर बसून पोहोचलो, तोवर आजींची शुद्ध हरपली होती. अभ्यंग केला, पण त्यांना माझ्यापाशी काही बोलावयाचे होते, असे त्यांच्या लेकीने सांगितले. ते राहूनच गेले.

बॅटरी अवघी दोन महिन्यांची! दुसऱ्या दिवशी दुकानदाराकडे गेलो आणि चार माणसांदेखत त्याला नाही नाही ते बोललो. तो शांतपणे म्हणाला, “फादर, बॅटरी वीज साठवते. ती भरतो अल्टरनेटर. आधी तो तपासून बघा.”

रागाच्या भरातच एक मल्टिमीटर विकत घेतला. बॅटरी बाहेरून चार्ज करून आणली. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखविते; इंजिन सुरू झाल्यावर हा आकडा साधारण १३.८ ते १४.४ वर चढावयास हवा. माझा काटा १२.४ वर, दिवे लावताच आणखी खाली. झाले, बॅटरीवरचा आळ काढून मी अल्टरनेटरवर टाकला. त्याचा पट्टा तर घट्ट होता. मग मीटरचे काळे टोक बॅटरीच्या ऋण टोकावरच ठेवून लाल टोक अल्टरनेटरच्या जाड तारेच्या बोल्टाला लावले. १४.३! वीज तयार होत होती. बॅटरीपर्यंत पोहोचत नव्हती. जवळजवळ दोन व्होल्ट वाटेत हरवत होते. चांगल्या तारेत ही घट अर्ध्या व्होल्टच्याही आत असते.

तेव्हा आठवले, डॅशबोर्डवरचा बॅटरीचा तांबडा दिवा रात्री अगदी मंद मिणमिणत असे. दिवसा तो दिसत नसे, म्हणून मी ते प्रतिबिंब समजत आलो.

इंजिन बंद करून आधी ऋण तार सोडविली. (इंजिन चालू असताना ती कधीही काढू नये; अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात.) धन टोकाशी येणाऱ्या तारेचा जोड उघडला, तर आत हिरवट पूड साचलेली. सँडपेपरने घासून जोड आवळला. मीटर १४.१ वर गेला.

काम अर्ध्या तासाचे. दुकानदाराकडे जावयास मात्र मला चार दिवस लागले. त्याने चहा मागविला. त्या दिवशीची चार माणसे दुकानात नव्हती. त्यांना एकेकाला घरी गाठून सांगावे लागले.