बिडकीनहून शहराकडे : सणाची वाट आणि सणाचे ताट

पैठणच्या रस्त्यावर बिडकीन हे गाव मोठ्या मोक्याच्या जागी वसले आहे. उत्तरेकडे गेले तर वीस-पंचवीस किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगर आणि दक्षिणेकडे वळले तर त्याहून थोडे लांब नाथांचे पैठण. शहराचे नाव २०२३ साली बदलले, तरी कितीतरी आजी-आजोबांच्या तोंडी अजून औरंगाबादच आहे. कापूस, बाजरी, तूर आणि मोसंबीचा हा मुलूख. आता याच शिवारात ७,८५५ एकरांची औद्योगिक वसाहत झाली असून सप्टेंबर २०२४ मध्ये तिचे लोकार्पण झाले. म्हणजे आपण शहराकडे जायच्या आधी शहरच आपल्याकडे चालत आले आहे.

पण एक प्रश्न विचारतो, रागवू नका. तुमच्या घरातील कारभारीण शहरात शेवटची कधी गेली होती? दवाखान्यासाठी नव्हे, लग्नाच्या बस्त्यासाठी नव्हे, तर केवळ सण पाहण्यासाठी आणि चार घास निवांत बसून खाण्यासाठी? पुरुषमाणूस बाजाराला जातो, आडतीवर जातो, भजी खातो, चहा पितो. बाईच्या वाट्याला मात्र घरच्या सणाची चूल येते.

सण कोणाचा, काम कोणाचे?

पोळ्याला पुरणपोळी, गौरींना सोळा भाज्या, दसऱ्याला गोडधोड, दिवाळीला आठ दिवस फराळ. सण जितका मोठा तितका चुलीपुढचा वेळ मोठा. सगळे जेवून उठले की उरलेसुरले घेऊन ती बसते. यात कोणाचा दुष्टपणा नाही, रीतच तशी पडली आहे. पण वर्षातून एक-दोन दिवस ही रीत बाजूला ठेवता येते. त्यासाठी बिडकीनसारख्या गावाला शहर जवळ असणे ही मोठी सोय आहे. सकाळी निघून रात्री घरी परतता येते. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे. तेव्हा सासूबाईंनाही मागे ठेवण्याचे कारण नाही.

कित्येकांना हॉटेलच्या पायरीवर संकोच वाटतो. आपले कपडे, आपली बोली, आपले धुळीचे पाय! हा संकोच सोडा. या शहराच्या पेल्यातले पाणी येते कोठून? पैठणच्या जायकवाडी धरणातून. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी त्याची पायाभरणी केली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. त्या जलाशयाखाली कित्येक गावांची काळी जमीन गेली. ते पाणी बिडकीनजवळच्या फारोळ्याला शुद्ध होऊन शहरात जाते. ताटातली भाकरी, वरणातली तूर, पेल्यातला मोसंबीचा रस हेही तुमच्यासारख्यांच्याच कष्टाचे. म्हणून हॉटेलात शिरताना मान खाली घालायची गरज नाही.

कोणत्या सणाला काय पाहावे?

श्रावणापासून सुरुवात करू. शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर खुलताबादला भद्रा मारुती आहे. येथील मूर्ती उभी नसून निजलेली आहे, हे तिचे वैशिष्ट्य. श्रावणातल्या शुक्रवारी रात्री शहरातून माणसांची रीघ लागते आणि शनिवारी पहाटे दर्शन होते. वाटेत ठिकठिकाणी मंडळे चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी फुकट वाटतात. चालण्याची सवय शेतकरी बायांना काय शिकवावी! फक्त पायांत चांगली चप्पल आणि हातात बॅटरी असू द्या.

भाद्रपदात गणपती. शहराचा मानाचा गणपती राजाबाजारातला संस्थान गणपती. अनंत चतुर्दशीची मुख्य मिरवणूक येथूनच निघते. लहान मुले बरोबर असतील तर विसर्जनाच्या दिवशी न जाता आधीच्या चार-पाच दिवसांत संध्याकाळी जावे. आरास नीट पाहता येते आणि चेंगराचेंगरीची भीती राहत नाही.

आश्विनात नवरात्र. छावणीलगत कर्णपुऱ्याला तुळजाभवानीचे मंदिर आहे. मोगलांच्या चाकरीत दक्षिणेत आलेल्या बिकानेरच्या राजा कर्णसिंहावरून या भागाला हे नाव पडले. नऊ दिवस येथे मोठी यात्रा भरते. पाळणे, बांगड्या, खेळणी, भांडी, सारे काही मिळते. आपल्या बायांना उपवास असतो हे लक्षात ठेवा. तिचा उपवास आणि तुमच्या हाती भज्यांचा पुडा, असे शोभत नाही. खिचडी, राजगिऱ्याचा लाडू, फळे तिला आधी घेऊन द्या.

१४ जानेवारीला, आपल्या घरी तिळगूळ चालू असतो तेव्हा, विद्यापीठाच्या दारात माणसांचा समुद्र लोटतो. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळाने १९७८ साली केला. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या सोळा वर्षांत अनेक माणसांनी जीव गमावले, अनेकांची घरे जळाली. म्हणून या दिवसाला आनंदाबरोबर आठवणीचीही किनार आहे. येथे पुस्तकांची दुकाने मोठ्या संख्येने लागतात. शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना जरूर न्या आणि एकेक पुस्तक घेऊन द्या.

माघात महाशिवरात्रीला वेरूळचे घृष्णेश्वर. बारा ज्योतिर्लिंगांपैकी हे एक. आजचे मंदिर अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी बांधून घेतले. गर्दी फार असते. लेणी पाहण्याचा बेत मात्र दुसऱ्या दिवसावर ठेवावा, एका दिवसात दोन्ही धड होत नाही.

मुसलमानांचे सण चंद्राच्या पंचांगाने येतात, म्हणून दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात. खुलताबादला जर जरी जर बक्ष यांचा उरूस रबिउलअव्वल महिन्यात भरतो. तेथे सर्व जातिधर्मांची माणसे जातात आणि येताना खाजा घेऊन येतात. रमजानच्या महिन्यात सूर्य मावळला की सिटी चौक आणि शहागंज भाग उजळून निघतो. फळे, खजूर, भजी, मिठाई, मांसाहारी पदार्थ यांची दुकाने रात्री उशिरापर्यंत चालू असतात.

काय खावे?

शहराची खरी ओळख सांगणारे दोन पदार्थ सांगतो.

पहिला नान-खलिया. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीहून राजधानी दौलताबादला हलवली. त्या लष्कराबरोबर हा पदार्थ आला असे परंपरेने सांगतात. मोठ्या फौजेला एका वेळी जेवू घालायचे, म्हणून एका देगेत शिजणारे मटण आणि भट्टीत थापलेले जाडसर नान. नानावर हळद आणि गुळाच्या पाण्याचा हात फिरवतात, त्यामुळे त्याला पिवळसर-तांबूस तकाकी येते. पाहुणे घरी आले की शेकडो माणसांचे जेवण एकदम उरकते, म्हणून इथल्या मुसलमान लग्नकार्यांत हाच बेत असतो. माळकरी मंडळींनी अर्थातच हे सोडून पुढे चालावे.

दुसरा पदार्थ सर्वांना चालणारा, तो म्हणजे गुलमंडीची इमरती. दिसायला जिलबीची बहीण, पण जात वेगळी. जिलबी मैद्याची, इमरती उडदाच्या डाळीची. डाळ भिजवून वाटायची, फेटायची, कापडातून तुपात फुलासारखी वेटोळी सोडायची आणि मग पाकात टाकायची. गुलमंडीवरील उत्तम मिठाई भांडारची इमरती प्रसिद्ध आहे. गरम असतानाच खावी. खाताना कारभारणीला विचारा, यात डाळ किती, पाक किती? ती दोन घासांत सांगेल. ज्यांनी उडीद पेरला, काढला, निवडला त्यांच्या जिभेला ही परीक्षा अवघड नाही.

याशिवाय साधी थाळी आहेच. शाकाहारी थाळीच्या हॉटेलात बसल्यावर वाढपी सारखा येतो, चपाती गरम येते, वरण-भाजी पुन्हा वाढतो. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्याला वाढले तिला ‘अजून घ्या, ताई’ असे कोणी म्हणणे, हेच या जेवणातले पक्वान्न आहे. तिला घाई करू नका.

वेळ उरला तर पाणचक्की पाहा, मध्यवर्ती बसस्थानकापासून ती फार दूर नाही. हे शहर १६१० साली मलिक अंबरने खडकी या नावाने वसवले आणि दूरच्या झऱ्यांचे पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात आणले. पुढे अठराव्या शतकात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी अशाच पाण्यावर चालणारी ही चक्की झाली. तेथे यात्रेकरू आणि फकिरांसाठी पीठ दळले जाई. पहाटे जात्यावर बसलेल्या आपल्या आजीने ही चक्की पाहिली असती तर काय म्हटले असते, याचा विचार करा.

हॉटेलात बसताना

चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. आधी दरफलक पाहा किंवा भाव विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. थाळी ‘अमर्याद’ आहे की मोजून, हेही विचारा.

२. बिलावर अन्नसुरक्षेच्या परवान्याचा चौदा आकडी क्रमांक असावा लागतो. रस्त्यावरच्या गाडीवर खाताना तळलेले, डोळ्यांदेखत गरम केलेले खावे. कापून ठेवलेली फळे आणि उघडी चटणी टाळावी.

३. साध्या हॉटेलच्या बिलात बहुधा ५ टक्के जीएसटी असतो, तो सरकारचा. ‘सर्व्हिस चार्ज’ मात्र सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसे बजावले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. नको असेल तर काढायला सांगा. न ऐकल्यास १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

४. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरल्याबरोबर चौकशीच्या खिडकीवर विचारून घ्या. मुलांच्या खिशात गावाचे नाव आणि फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

खर्चाचे म्हणाल, तर सण पाहायला पैसे पडत नाहीत, पडतात ते तिकिटाला आणि जेवणाला. कापसाचे किंवा मोसंबीचे पैसे हाती आले की खताच्या आणि बियाण्याच्या हिशेबाशेजारी एक ओळ या दिवसासाठी लिहा. कर्ज काढून मात्र जाऊ नका. साल वाईट गेले असेल तर फक्त कर्णपुऱ्याची यात्रा करा आणि इमरतीचा एक पुडा घरी आणा.

नाथांची पंगत

शेवटी दक्षिणेकडे वळू. फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणला नाथषष्ठी. १५९९ साली याच तिथीला एकनाथ महाराजांनी गोदावरीत देह ठेवला. राज्यभरातून दिंड्या येतात, आणि अष्टमीला सूर्यास्ताच्या वेळी काल्याची हंडी फुटून उत्सवाची सांगता होते. रस्त्याकडेच्या गावांत दिंड्यांना पिठले-भाकरी देण्याची रीत आहे. ती भाकरी थापणारे हात कोणाचे, हे सांगायला नको.

नाथांची एक कथा आपण सारे ऐकत आलो. श्राद्धाचा स्वयंपाक झाला होता. त्याचा वास गावकुसाबाहेर ठेवलेल्या भुकेल्या माणसांपर्यंत गेला. नाथांनी आणि गिरिजाबाईंनी त्यांना घरात बोलावून पोटभर जेवू घातले. आमंत्रित ब्राह्मण रागावले, त्यांच्यासाठी पुन्हा स्वयंपाक करावा लागला. कीर्तनकार ही कथा रंगवून सांगतात आणि ती सांगावी अशीच आहे. ज्याला पंगतीबाहेर ठेवले त्याला आधी बसवायचे, हा तिचा अर्थ. पण त्या दिवशी दोनदा चूल पेटवणाऱ्या गिरिजाबाई किती वाजता जेवल्या, हे कथा सांगत नाही.

तोच अर्थ आपण घरात लावू या. येत्या सणाला एक दिवस ठरवा. म्हशीची धार शेजारच्या घराकडे सोपवा, दुसऱ्या खेपेला तुम्ही त्यांची काढा. पोरींनाही बरोबर घ्या, त्यांची परीक्षा नसेल तर. हॉटेलात बसल्यावर पहिले ताट तिच्यापुढे येऊ द्या आणि ती खायला लागली की मग आपण सुरुवात करा. घरी परतल्यावर रात्री चूल पेटवायला लावू नका. सकाळची भाकरी आणि दूध त्या रात्री सगळ्यांना पुरते.