कांदा, काका आणि थांबण्याची किंमत

त्र्यंबकेश्वरचा वीकेंड म्हटला की दर्शनाची रांग, ब्रह्मगिरीचा ट्रेक आणि वर झणझणीत मिसळ. ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी पुढे निफाड तालुक्यात जाते. देशातली सगळ्यात नावाजलेली कांद्याची बाजारपेठ, लासलगाव, याच तालुक्यात. दोन्ही गावं एकाच जिल्ह्यातली, पण आपण पर्यटक तिकडे कशाला फिरकतोय!

मिसळीवर मी एक्स्ट्रा कांदा मागितला, तेव्हा शेजारच्या टेबलावरचे काका हसले. 'घ्या ताई, आमच्याकडचाच असंल.' काका निफाडचे कांदा उत्पादक, पूजेला आलेले. लिलाव कसा होतो, हे त्यांनीच सांगितलं. ट्रॉली रांगेत लावायची. व्यापारी येतात, कांदा हातात घेऊन बघतात, मिनिटभरात बोली संपते. 'भाव नाही पटला तर ट्रॉली माघारी न्यायची. डिझेल आपलंच.'

व्यापारी म्हणजे व्हिलन, असं काका म्हणत नाहीत. माल सडला तर त्याचाही सडतो. पण तो थांबू शकतो. काकांना मजुरी, खताची उधारी, जूनमध्ये मुलांच्या फिया. चाळीत कांदा ठेवायचा तर हे सगळं कोण भागवणार? मला वाटतं, खरी विषमता इथेच आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं. निषेध म्हणून सप्टेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी जवळपास दोन आठवडे लिलाव बंद ठेवले. त्यांचा वाद सरकारशी, पण चाळीतला कांदा शेतकऱ्याचा. डिसेंबरात तर निर्यातबंदीच आली, ती मे २०२४ मध्ये उठली. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधल्या एका शोधनिबंधानुसार ग्राहक कांद्यासाठी जो रुपया मोजतो, त्यातले शेतकऱ्याला साधारण ३६ पैसे मिळतात. (उरलेले सगळे व्यापाऱ्याच्या खिशात जात नाहीत हं, वाहतूक, नासाडी, किरकोळ विक्रेता, सगळे त्यातच.)

हीच गोष्ट मोठ्या स्क्रीनवर बघायची तर ग्लेनकोर बघा. स्वित्झर्लंडची ही कंपनी तांबं, कोळसा असा कच्चा माल विकते. २०११ मध्ये ती लंडनच्या शेअर बाजारात उतरली आणि तिचे काही वरिष्ठ भागीदार अब्जाधीश ठरले. ज्या काँगोत तिच्या खाणी आहेत, तो देश जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एक आहे. गोदामं, जहाजं, बँकेचं कर्ज आणि जगभरचे भाव, सगळं कंपनीच्या हाताशी. काकांच्या मोबाइलवर रोज लासलगावचा भाव येतो. दुबईचा आणि कोलंबोचा व्यापाऱ्याकडे असतो.