घरची पोरे

केंद्र सरकारच्या कारकुनास 'बदली' हा शब्द जितका जिव्हाळ्याचा, तितकाच तो विलायती फुटबॉलमध्येही आहे. फरक इतकाच की, तेथे बदली होणाऱ्या खेळाडूसाठी क्लब कोट्यवधी पौंडही मोजतात. आमच्या प्रवासभत्त्याच्या बिलावर मात्र हरकती निघतात. कोलकात्यास आल्यावर बंगाली सहकाऱ्यांच्या संगतीने आम्हांस या खेळाचा नाद लागला, आणि त्यातून मँचेस्टर युनायटेडची कथा हाती आली.

मार्च १९४१ मध्ये जर्मन बाँबहल्ल्यात या क्लबाच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावरील मुख्य स्टँड उद्ध्वस्त झाला. युद्ध संपले तेव्हा डोक्यावर कर्ज होते, आणि १९४९ पर्यंत घरचे सामनेसुद्धा प्रतिस्पर्धी सिटी क्लबाच्या मैदानावर खेळावे लागले. नुकसानभरपाईसाठी सरकारी आयोगाशी झालेला पत्रव्यवहार कसा असेल, याची कल्पना आमच्याइतकी कोणास येणार! १९४५ मध्ये मॅट बझ्बी व्यवस्थापक झाले. हाताशी असलेल्या प्रौढ खेळाडूंकडून त्यांनी १९४८ चा चषक व १९५२ चे अजिंक्यपद मिळविले. तथापि ती पिढी उतरणीस लागली होती. तेव्हा बाजारात जाण्याऐवजी त्यांनी शाळकरी मुलांवर भिस्त ठेवली. जिमी मर्फी यांनी ती घडविली. १९५३ पासून सलग पाच वर्षे युवक चषक याच क्लबाकडे राहिला. १९५६ व १९५७ मध्ये लीगही जिंकली. बाहेरून आणलेल्या मोजक्यांपैकी टॉमी टेलर याची किंमत २९,९९९ पौंड ठरली. तीस हजारांचा खेळाडू म्हणवून घेण्याचे ओझे त्या पोरावर नको, म्हणून एक पौंड कमी! आमच्या लेखाशाखेत हे कारण मंजूर झाले नसते.

परंतु 'घरची' म्हणजे नेमकी कोण? एडी कोलमन मैदानाजवळच्या सॅलफर्डचा, हे खरे. डंकन एडवर्ड्‌स मात्र डडलीचा, बिली व्हेलन डब्लिनचा, बॉबी चार्लटन ॲशिंग्टनच्या खाणकामगारांतला. कोवळ्या वयात परगावी येऊन, परक्याच्या घरी राहून ती तेथली झाली. आमचे चिरंजीव दोन वर्षांचे असताना येथे आले. आता मोहनबागान हरले की त्यांस जेवण गोड लागत नाही. गावी गेल्यावर आजी त्यांना 'बंगाली बाबू' म्हणते. त्यात कौतुक किती आणि खंत किती, हे आम्हांस अद्याप उकललेले नाही.

६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिकच्या विमान अपघातात व त्यानंतर मिळून तेवीस माणसे दगावली. त्यांत आठ खेळाडू. एडवर्ड्‌स पंधरा दिवस झुंजला, वय एकवीस. त्याच्या मृत्यूपूर्वी दोनच दिवस शेफील्ड वेन्सडेशी चषकाचा सामना होता. छापील पत्रिकेत युनायटेडच्या अकरा नावांच्या जागा कोऱ्या सोडल्या होत्या. त्यांतील एका जागी क्लबातच वाढलेला शे ब्रेनन उतरला. वरिष्ठ संघातील त्याचा तो पहिलाच सामना. युनायटेडच्या तीन गोलांपैकी दोन त्याने केले.