मध्येच थांबणारं गाणं

कबीराचं पद ऐन रंगात आलेलं असतं. ढोलक चढत असते, व्हायोलिन आवाजाच्या मागोमाग धावत असतं आणि प्रह्लादसिंह टिपानिया गाता गाता थांबून चक्क बोलायला लागतात. एका हातातला तंबूरा मात्र चालूच, दुसऱ्या हातातली करताल अधूनमधून वाजणारी. कबीर हे कुणाला म्हणतोय? तुम्हालाच की! एवढं मिश्कीलपणे सांगून झालं की गाणं जिथे सोडलं होतं तिथूनच पुन्हा उचलायचं. उज्जैन जिल्ह्यातल्या लुनियाखेडीचा हा माणूस पेशाने शाळामास्तर होता. फळ्यापुढची सवय मंचावर कशी सुटणार?

शास्त्रीय मैफलींत तयार झालेल्या कानाला हे सुरुवातीला खटकतं. आम्हा इंदूरच्या मराठी मंडळींचं निर्गुण म्हणजे कुमारजी. १९४८ साली क्षयाने खंगलेले कुमार गंधर्व इथून जवळच देवासला येऊन राहिले आणि आजारपणात मालव्याची लोकगीतं त्यांच्या कानांत मुरली. त्यांचं निर्गुण ऐकताना भरल्या सभागृहातही आपण एकटे पडतो. टिपानियाजींचं ऐकताना शेजाऱ्याचा गुडघा लागत राहतो, आणि तो लागायलाच हवा. हे गाणं मुळी मालव्यातल्या दलित वस्त्यांत, सतरंजीवर, रात्र रात्र बसणाऱ्या भजनी मंडळ्यांचं. तिथे अर्थ सांगणं, हुज्जत घालणं हा गाण्याचाच भाग.

पुढे हा तंबूरा फार लांब गेला. कबीराच्या अभ्यासक लिंडा हेस यांनी २००३ मध्ये टिपानियाजींना अमेरिकेत नेलं. शबनम विरमाणींच्या माहितीपटांनी त्यांना शहरी श्रोता मिळवून दिला. २०११ मध्ये पद्मश्री आली. मुंबईच्या कबीर कॅफे या बँडने मालव्याच्या या चाली गिटारवर चढवल्या. तरुण पोरं त्यावर नाचतात, छान वाटतं. पण मूळ मैफलीतली ती गप्पांची फोडणी गिटारला कुठून येणार?

इंदूरच्या सभागृहात गंमत पाहावी ती श्रोत्यांची. पुढे पाहुणे, अधिकारी, आमच्यासारखे रसिक. जातपात, कर्मकांड यांवर बोचरं काही आलं की पुढच्या रांगा आधी एकमेकांकडे बघतात, मग हसतात, मग टाळ्या देतात. मागे गावाकडून आलेले बसलेले असतात. ते टाळ्यांच्या भानगडीत पडत नाहीत. त्यांना पदं पाठ असतात. ते सरळ गायलाच लागतात.