ठेव मातीतली

जंगलात किती कार्बन साठला आहे असं विचारलं की नजर झाडांच्या शेंड्याकडे जाते. मेळघाटात ती पायाखालीही जायला हवी. वाळलेल्या सागवानाच्या वजनातला जवळपास निम्मा भाग कार्बनचा, हे खरंच. पण साग, सालई, धावड्याचा झडलेला पाला आणि जमिनीत कुजणारी मुळं वर्षानुवर्षं मातीत जी भर घालतात, ती डोळ्यांना दिसत नाही. जगभरात जमिनीच्या वरच्या एका मीटरमध्येच वातावरणाहून जास्त कार्बन आहे.

वऱ्हाडानं ही ठेव मोडली ती कापसापायी. 1853 मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस मँचेस्टरला मिळेना आणि इथल्या कापसाला भाव आला. पाठोपाठ रेल्वे आली. कुरणं, झुडपी रानं नांगराखाली गेली. नांगर फिरला की मातीचे कण सुटे होतात, आत दडलेला सेंद्रिय भाग उघडा पडतो, सूक्ष्मजीव तो खातात आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. जंगलाचं शेत झालं की काही दशकांत वरच्या थरातला एक चतुर्थांश ते निम्मा सेंद्रिय कर्ब जातो, असं जगभरातले अभ्यास सांगतात. झाड एका दिवसात पडतं. मातीचं नुकसान मात्र नातवंडांपर्यंत पोचतं.

उलटा प्रवासही याच भागात दिसतो. या शतकाच्या सुरुवातीला बोरी, कोहा आणि कुंड ही गावं मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून उठून अकोट तालुक्यात आली. मागे राहिलेल्या शेतांची कुरणं झाली. गवताचा बराचसा कार्बन मुळांत असतो. वणव्यात पाती जळाली तरी तो बहुतांशी टिकतो. म्हणून अशा कुरणात साग लावणं माझ्या मते चूक आहे. मात्र या बदलाची किंमत कोरकू कुटुंबांनी घरदार सोडून मोजली, हे विसरता येत नाही.

गाव न उठवताही जंगल परततं, हे अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरनं दाखवलं. वनहक्क कायद्याखाली 2012 मध्ये ग्रामसभेला सुमारे 193 हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. उजाड टेकडीवर लोकांनी झाडं लावली, राखण केली, सीताफळाची विक्री सुरू केली. 2014 मध्ये गावाला भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला. तरी खोडाची वाढ काही वर्षांत दिसू लागते, मातीतला कर्ब भरून यायला दशकं लागतात. त्यामुळे अशा गावांचा हिशेब नुसत्या रोपांच्या संख्येवर करणं अन्यायाचं आहे.

शेतकरी वाचकांना एक कळकळीची विनंती. वेचणी संपली की पऱ्हाट्या धुऱ्यावर पेटवू नका. बोंडअळीमुळे त्या शेतात उभ्याही ठेवता येत नाहीत. तेव्हा यंत्रानं बारीक करा, कंपोस्ट करा आणि त्याच वावरात परत टाका.