सरड्याचं गाव

मराठीच्या पेपरात 'सरड्यासारखे रंग बदलणे' हा वाक्प्रचार हमखास येतो. उर्दूच्या तासाला तोच 'गिरगिट की तरह रंग बदलना' होऊन समोर उभा राहतो. मी दोन्ही भाषा शिकवते, त्यामुळे कधीकधी एकाच दिवशी दोन लिप्यांमध्ये त्याचा अर्थ फळ्यावर लिहावा लागतो: शब्द फिरवणं, वारा येईल तसं वळणं. भाषा दोन, पण सरड्यावरचा आरोप एकच. मादागास्करच्या एका सरड्याविषयी वाचायला लागल्यापासून मात्र हा आरोप मला पटेनासा झालाय.

त्याचं नाव पँथर शॅमेलिऑन. फ्रेंच शास्त्रज्ञ क्यूविए याने १८२९ मध्ये त्याची शास्त्रात नोंद केली. मादागास्कर बेटाच्या उत्तर आणि पूर्व किनाऱ्याकडच्या सखल, दमट भागात तो राहतो. अगदी दाट जंगलच हवं असंही नाही, रस्त्याकडेच्या झाडाझुडपांतही तो दिसतो. नर शेपटीसकट दीड फुटाच्या आसपास, मादी बरीच लहान. आणि नराची गंमत अशी की जाणकार माणूस त्याचा रंग पाहून त्याचं गाव सांगू शकतो.

नोसी बे या बेटावरचा नर बहुधा हिरवट-निळा, समुद्राच्या उथळ पाण्यासारखा. समोरच्या मुख्य भूमीवर आंबांजाला गेलं, की त्याच हिरव्या-निळ्या अंगावर गडद निळे, जांभळट, लाल पट्टे येतात. तिथून रस्त्याने शंभरेक किलोमीटरवर आंबिलोबे. तिथल्या नरांवर लाल किंवा निळे पट्टे, मधे पिवळा-हिरवा रंग. अंकारामी भागातला नर चक्क गुलाबी. पूर्व किनाऱ्यावर तामाताव बंदराच्या बाजूचे नर तांबूस, विटकरी. एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या अंगावर असते: कुशीवरून जाणारा एक फिकट, पांढरट पट्टा. तो जातीचा, बाकी रंग गावाचा.

मग रंग बदलण्याचं काय? तो बदलतो, पण आपण समजतो तसा नाही. मागच्या पानाशी मिसळून जाण्यासाठी तो रंग बदलत नाही. दुसरा नर समोर आला, मादी दिसली, ऊन-थंडी कमी-जास्त झाली, की त्याचा रंग बदलतो. हे कसं घडतं ते जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं. त्याच्या कातडीत ग्वानिन या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक असलेल्या पेशी असतात. सरडा शांत असतो तेव्हा हे स्फटिक एकमेकांना खेटून असतात आणि निळा प्रकाश परत फेकतात. वर पिवळ्या रंगद्रव्याचा थर असतो, म्हणून आपल्याला हिरवा दिसतो. तो चिडला की स्फटिकांमधलं अंतर वाढतं, परत येणारा प्रकाश पिवळ्या-नारिंगीकडे सरकतो आणि हिरवं अंग काही मिनिटांत पिवळं होतं. निळे पट्टे पांढुरके होतात, लाल आणखी उजळतो.

म्हणजे बदल होतो तो आपल्याच रंगांच्या हद्दीत. नोसी बेचा नर कितीही चिडला तरी अंकारामीचा गुलाबी होत नाही. उलट समोर प्रतिस्पर्धी आला, की त्याच्या गावचे रंग सगळ्यात ठळक होतात.

हे वाचलं तेव्हा मला माझी अम्मी आठवली. ती कोकणातली, अब्बा सोलापूरकडचे. पाहुण्यांसमोर अम्मी साफ उर्दू बोलायची, बाजारात मराठी, अब्बांच्या नातेवाइकांत थोडी दखनी. पण राग आला की तोंडातून यायची ती फक्त तिच्या खाडीकाठच्या गावची बोली. तिला कुणी रंग बदलणारी म्हटलं नसतं. माणूस जिथे जाईल तिथलं बोलतो, आणि मन ढवळलं की आपल्या गावचं बोलतो. सरड्याचंही असंच काहीसं आहे.

मादीची गोष्ट वेगळी. ती कुठल्याही गावची असो, फिकट तपकिरी, गुलाबी, नारिंगी अशाच रंगांत असते. पोटात अंडी असली की गडद होते, म्हणजे नराने जवळ येऊ नये. अंगावरून तिचं गाव ओळखणं फार कठीण, पण पुढच्या पिढीचं निम्मं गाव तिच्याकडूनच येतं. म्हणून हे सरडे पाळणाऱ्यांच्या व्यापारात एक घोळ होतो. मादीवर चुकीच्या गावाची चिठ्ठी लागली, की तिच्या पिल्लांचा पत्ता कायमचा हरवतो. तसं 'शुद्ध' रंगाचं वेडही फार ताणू नये. आंबिलोबेत लाल पट्ट्यांचे आणि निळ्या पट्ट्यांचे नर एकाच गावचे असतात.

या गावांना नुसत्या रंगापलीकडे अर्थ आहे का, हेही जिनिव्हाच्या संशोधकांनी मादागास्करच्या सहकाऱ्यांबरोबर तपासलं. त्यांनी ३२४ सरड्यांच्या रक्ताचा एकेक थेंब घेतला, फोटो काढले आणि सगळ्यांना पुन्हा सोडून दिलं. डीएनए आणि रंग ताडून पाहिल्यावर २०१५ मध्येच त्यांनी मांडलं, की ही एक जात नसून अकरा असाव्यात. वेगवेगळ्या भागांतल्या सरड्यांमध्ये आपसांत संकर फारच कमी होतो. तरी यादीत नाव अजून एकच आहे.

नाव एक की अकरा, याने काय फरक पडतो? वन्यजीवांच्या व्यापारावरच्या 'साइटीस' या आंतरराष्ट्रीय करारात हा सरडा दुसऱ्या परिशिष्टात आहे. म्हणजे व्यापाराला बंदी नाही, पण परवाना लागतो. परवान्यावर जातीचं नाव लिहिलं जातं, गावाचं नाही. समजा सगळे पकडणारे एकाच देखण्या रंगामागे लागले, किंवा एकाच खोऱ्यातली झाडी तुटली. कागदावर 'पँथर शॅमेलिऑन भरपूर आहेत' हे खरंच राहील, आणि त्या खोऱ्याचा रंग मात्र संपलेला असेल.

भाषेच्या शिक्षकाला हे नवीन नाही. जनगणनेत कितीतरी बोली मोठ्या भाषेच्या नावाखाली एकत्र मोजल्या जातात. भाषा बोलणारे कोट्यवधी दिसतात, आणि खाली एखादी बोली शेवटच्या चार म्हाताऱ्यांपाशी येऊन थांबलेली असते.

मादागास्करमध्ये या प्राण्याबद्दल वेगळीच म्हण आहे: माणसाने सरड्यासारखं एक डोळा पुढे आणि एक मागे ठेवून चालावं. तिथे त्याच्यावर बेइमानीचा आरोप नाही, त्याचा सावधपणा उचलला आहे. आमच्या वाक्प्रचाराचा अर्थ परीक्षेपुरता मी पुढेही तोच लिहीन, मुलांचे गुण जायला नकोत. पण त्याच्याशेजारी ही म्हणही लिहीन, आणि मुलांना विचारीन, रागावल्यावर तुमच्या घरात कोणत्या गावची बोली बोलतात?