आबांची हरळी, माझं लॉन

"आगं, हरळी इकत आणलीस?"

जून महिना, भुरभुर पाऊस, दारात टेम्पो, ओल्या गोणपाटात गुंडाळलेली गवताची चार पोती आणि खिडकीचे गज धरून वाकलेले माझे ८३ वर्षांचे आजोबा. मी ऐटीत सांगितलं, "हरळी नाही आबा, बर्म्युडा ग्रास आहे. खास लॉनचं असतं." त्यांनी एक काडी मागितली. नखाने सोलली, पेर मोडून बघितलं आणि काडी परत माझ्या हातावर ठेवली. "हरळीच हाय."

मी चिडून मोबाइलवर शोधलं. सायनोडॉन डॅक्टिलॉन. मराठीत हरळी, गणपतीपुढे दूर्वा, नर्सरीत बर्म्युडा. तिन्ही एकच. क्रिकेटच्या मैदानांवर, गोल्फ कोर्सवर लावतात त्या जाती याच कुळातल्या. नाव बर्म्युडाचं असलं तरी हे गवत मुळात त्या बेटावरचं नाहीच. थोडक्यात काय, ज्या गवताच्या काश्या वेचण्यात आमच्या आबांची उभी हयात गेली, ते मी पुण्याहून रोख पैसे मोजून, टेम्पो करून वाईला आणलं होतं. आबा दोन दिवस प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला ही गोष्ट सांगत होते. दूधवाल्यालासुद्धा!

आता थोडं मागे जाऊ. लॉनचं खूळ माझ्या डोक्यात आलं ते आबांमुळेच. आदल्या दिवाळीत ते बाथरूममध्ये पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा पलंग पुढच्या खोलीत आला. मेणवलीच्या रस्त्याला, नदीच्या अंगाला आमचं दीड एकर रान. त्यात हळद, अधूनमधून ऊस. साठ वर्षं रोज पहाटे त्या रानात जाणारा माणूस आता दिवसभर खिडकीतून बघणार काय, तर आमच्या घरापुढचा मुरूम, बांधकामातली उरलेली वाळू आणि बाबांची बंद पडलेली स्कूटर. रान वाट्याने दिलं होतं. आबा त्याबद्दल काही विचारायचे नाहीत, आणि विचारत नाहीत याचंच आम्हाला टेन्शन यायचं.

मी पडले फ्रीलान्सर. लॅपटॉप उघडला की ऑफिस सुरू. दर शुक्रवारी पुण्याहून निघायचं, खंबाटकी ओलांडायचा, सुरूर फाट्याला वळायचं, सोमवारी परत. आणि हो, कबुली देऊन टाकते. मी एका मासिकासाठी 'तुमचं स्वत:चं लॉन, दहा सोप्या स्टेप्समध्ये' असा लेख लिहिलेला आहे. कोथरूडच्या वन-बीएचकेमध्ये बसून! बाल्कनीसुद्धा नसलेल्या!! तेव्हा मास कॉमची डिग्री आणि तो लेख यांच्या जोरावर मी मार्चमध्ये कामाला लागले.

मार्चमध्ये. हीच पहिली चूक. पण त्या लेखात मी महिन्याचा उल्लेखच केला नव्हता, त्यामुळे मला कोण सांगणार? एका नर्सरीतून मेक्सिकन म्हणून विकतात ते बारीक, मऊ गवताचे तयार तुकडे आणले आणि मुरमावर दोन इंच लाल माती पसरून अंथरले. एका दुपारात काम फत्ते. आमचं अंगण पाचगणीच्या एखाद्या जुन्या बंगल्यासारखं दिसायला लागलं. मी फोटो काढले, मित्रमंडळींना पाठवले. (एकाचं उत्तर: 'वाईत हिरवळ? येतोच!' कॉलेजमधला हा जोक कधी मरणार आहे कुणास ठाऊक.) आबा खिडकीतून म्हणाले, "वर पांघरूण घातलंस. खाली हाय काय?"

खाली काहीच नव्हतं. मुरूम दगडासारखा घट्ट. मुळांनी जायचं कुठे? एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कडा पिवळ्या पडल्या, मग मधला भाग, आणि अखेरीला ते तुकडे पापडासारखे हाताने उचलता येऊ लागले. मी पाणी मारत सुटले. शेवटी आई एकदा पाइप हातात धरूनच म्हणाली, "नळाला पाणी येतं तेवढ्यात घरात भरायचं, का तुझ्या गालिच्याला पाजायचं?"

त्या रात्री मी पहिल्यांदा हिशोब केला. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोब्बर एक लिटर. आमचं अंगण हजार स्क्वेअर फूट, म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. भर उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर धरले तरी झाले रोजचे साडेचारशे लिटर. दहा हजार लिटरचा टँकर तीन आठवडे पुरणार. आमच्याच जिल्ह्यात माण-खटावकडे उन्हाळ्यात लोक प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट बघतात. आमच्या उशाला कृष्णा असली, वर धोम धरण असलं, तरी ते साडेचारशे लिटर मला झेपले नाहीत. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि घाट उतरून वाईत येईपर्यंत त्यातला उरतो थोडासाच, हे इथल्या माणसाला शाळेत कळलेलं असतं. मला बिल भरल्यावर कळलं. एका महिन्याचं मानधन वाळून गेलं होतं.

म्हणून जूनमध्ये हरळी. सॉरी, बर्म्युडा.

चेष्टा करून झाल्यावर तिसऱ्या दिवशी आबांनी खिडकीतूनच विचारलं, "कशी लावणार हाईस?" मी माझ्याच लेखातल्या स्टेप्स सांगितल्या. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोती त्या कोपऱ्यात वल्ल्या मातीत दाबून ठिव. मरत न्हाई ती. आधी रान तयार कर." अंगणाला ते रान म्हणाले. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघून गेली.

मग आमचं अंगण खरंच रान झालं. दोन गडी लावून फूटभर मुरूम उकरला आणि उचलून नेला. मळीची माती आणली. शेणखत चांगलं कुजलेलं, काळं, हातात भुगा होणारं. कच्चं घातलंस तर गवताआधी तणच उगवंल, हा दम आधीच भरलेला होता. थोडी वाळू मिसळली, कारण आमची माती वाळली की भेगाळते आणि भिजली की चिखल होते. घराकडून फाटकाकडे किंचित उतार ठेवला. मला वाटलं, आता लावायचं. तर नाही! दोन आठवडे नुसतं पावसात भिजू द्यायचं, म्हणजे मातीतलं तण वर येतं. आलंच. त्यात सगळ्यात जास्त लव्हाळा. तुकोबांनी महापुरात टिकून राहतो म्हणून ज्याचं कौतुक केलं तो. लॉनवाल्यांचा मात्र हा एक नंबरचा शत्रू. वरून उपटला की पात हातात येते आणि खाली गाठ तशीच राहते. आठ दिवसांनी पुन्हा हजर. खुरपं खोल घालून गाठीसकट काढायचा. खुरपं कसं धरायचं हे आबांनी खिडकीच्या गजातून हात बाहेर काढून दाखवलं.

लावणी एका रविवारी झाली. दोन-तीन पेरं असलेल्या काड्या, चार-चार बोटांवर, एक पेर मातीत आणि शेंडा बाहेर. मग फळी मारून दाबायचं. कंबरेचा काटा ढिला झाला. आंब्याखाली लावायला निघाले तर आबा म्हणाले, "तिथं येत न्हाई. तिला ऊन लागतं." मी तरीही लावली, दिसायला बरं म्हणून. आली नाही. तिथे आता दोन खुर्च्या आहेत.

ऑगस्टअखेर सगळं अंगण भरलं. हरळी वरून आडवी धावते आणि मातीतूनही धावते. शेतकरी तिच्यावर याचसाठी खार खाऊन असतो आणि माळी याचसाठी खूश. हळदीच्या रानात तिचा एक तुकडा राहिला तर तो पुढच्या वर्षी वाफाभर होतो. आबा सांगायचे, उन्हाळ्यात नांगरट करून ढेकळं तापू द्यायची, मग मोगडा मारायचा, मग बायाबापड्यांनी पाट्या भरभरून काश्या वेचायच्या आणि बांधावर जाळायच्या. "आन् पुन्हा पावसात ती हसतीया." त्यांच्या आवाजात राग होता म्हणावं तर तसंही नाही. जुन्या भावकीबद्दल बोलावं तसं बोलायचे.

गणपती आले तेव्हा वेगळीच मजा झाली. आमच्या वाईचा ढोल्या गणपती प्रसिद्ध. १७६२ साली गणपतराव रास्त्यांनी ते देऊळ बांधलं. दर वर्षी चतुर्थीला दूर्वा आमच्या रानाच्या बांधावरून यायच्या. या वेळी आळीतल्या तिघीचौघी फाटकातून आत आल्या आणि माझ्या लॉनमधून तीन-तीन पानांचे कोवळे तुरे खुडू लागल्या. मी 'अहो, अहो' करेपर्यंत जुड्या बांधूनही झाल्या. तेव्हापासून आईच्या हुकमावरून फाटकाजवळची एक पट्टी कापायची नाही. ती देवाची.

कापण्यावरून आठवलं. दसऱ्याला मुंबईची मंडळी येणार होती. पंधरा दिवस मोअर चालवला नव्हता, गवत घोट्याएवढं झालं होतं. मी एका दमात खालपर्यंत भादरलं. दुसऱ्या दिवशी अंगणाला टक्कल! पिवळी खोडं आणि मधून माती. नंतर कळलं की एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापायचंच नाही, कारण गवत जेवतं पानांवर. वाढलंच असेल तर दोन-तीन टप्प्यांत खाली आणायचं. हरळी दीड इंचाच्या आसपास छान राहते. आणि पात्याला धार हवी. बोथट पात्याने गवत कापलं जात नाही, फाटतं, मग शेंडे पांढरे पडतात. तुम्ही घरी लॉन करणार असाल तर माझ्या त्या जुन्या लेखातल्या दहा स्टेप्स विसरा आणि एवढं लक्षात ठेवा.

तर ते टक्कल बघून मी रडकुंडीला आलेली आणि आबा मात्र खुशीत. "आगं साठ वर्षं मी मारतूया तिला. तू काय मारणार?" तीन आठवड्यांत हिरवं झालं.

याच सुमाराला आबा बाहेर येऊ लागले. फिजिओथेरपीवाला रोज चाला म्हणून सांगून थकला होता. फरशीवर वॉकर घसरेल या भीतीने ते पलंग सोडत नव्हते. एका सकाळी मी उठून बघते तर वॉकर लॉनच्या कडेला आणि आबा अनवाणी आत, एका हाताने आंब्याचं खोड धरून, दुसऱ्या हातात खुरपं. वाकता येत नव्हतं. काठीने लव्हाळा दाखवायचे, मी काढायचा. चमत्कार वगैरे झाला नाही. रोज दहा मिनिटं, बरं असलं तर पंधरा. पण त्या दहा मिनिटांसाठी ते साडेसहाला तयार होऊन बसायचे.

उन्हाळ्यात लॉन तपकिरी झालं. या वेळी मी पाइप हातात घेतला नाही. दहा दिवसांतून एकदा पहाटे खोल पाणी, बस्स. हरळी झोपते, मरत नाही, हे आता मलाही माहीत होतं.

मेमध्ये बाबांनी आणि काकांनी रानाचा व्यवहार केला. प्लॉटिंगसाठी. वाईच्या आजूबाजूला पुण्या-मुंबईकडच्या लोकांची वीकेण्ड होम्स होत आहेत, भाव आलाय, वाटेकरी तण काढत नाही, नुसतं तणनाशक मारतो, आम्हा भावंडांपैकी कुणी शेती करणार नाही... सगळी कारणं खरी होती. मीही 'हो' म्हणाले. खुब्याचं ऑपरेशन, बाबांची रिटायरमेण्ट, भावाचं शिक्षण, सगळं त्या 'हो'मध्ये होतं. आबांना सांगायचं कुणी, यावर आठवडाभर घरात कुजबुज. शेवटी ते माझ्यावर आलं. आंब्याखालच्या खुर्च्यांवर बसून मी सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. काठीचं टोक वाळक्या गवतात फिरवत राहिले.

"काय करणार तिथं?"

"बंगले. छोटे छोटे."

"आन् पुढं?"

मी मोबाइलवर त्यांना ब्रोशर दाखवलं. पांढरी घरं, निळं आकाश आणि प्रत्येक घरापुढे हिरवंगार लॉन. त्यांनी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून नीट बघितलं.

"ही बी हरळी लावणार?"

"बहुतेक. हो."

"मग सांग त्यास्नी, पैसं घालवू नका म्हनाव. माझ्या बांधाला हाय."